घर उबवणारा माणूस

खोली बघायला गेले, तर त्यांनी मला आधी भिंतीचा वास घ्यायला लावला.

मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. कृष्णेकडे उतरत जाणाऱ्या एका गल्लीत वरची खोली भाड्यानं द्यायची आहे, एवढंच कळलं होतं. दार उघडलं ते पासष्टीच्या एका उंच, किंचित वाकलेल्या गृहस्थांनी. अंगात पांढरा सदरा आणि पायजमा, पण दोन्हींना पिवळी झाक. नखंसुद्धा पिवळी. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही, म्हणजे माणूस जरा विचित्रच. फक्त विचारलं, "गाव कुठलं?"

"कोकणातलं. गुहागरच्या जवळ."

त्यांचा चेहरा उजळला. मला सरळ मधल्या खोलीत नेलं, भिंतीजवळ उभं केलं आणि म्हणाले, "हितं नाक लावा बाई. काय येतंय ते सांगा. आन् खरं सांगा."

परक्याच्या घरात भिंतीला नाक लावून उभं राहायची माझी पहिलीच वेळ. ओलं पोतं, कुजलेला पाला आणि तळाशी कुठंतरी रॉकेल, असा वास होता. मी तसं सांगितलं.

"किती आणे?"

"काय किती आणे?"

"वास वो. सोळा आणे धरला तर आज किती हाय?"

मी अंदाजानं बारा आणे म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. गल्लीतली बाकीची माणसं त्यांना दोन वर्षं 'कसला वास काका, काही नाही' असंच सांगत होती. ओलीचा वास ओळखायला कोकणातलं माणूस लागतं, हे त्यांचं मत. चार महिने दमट कपड्यांत वाढलेल्या माणसाला दुसरी विद्या येवो न येवो, ही येतेच, त्यामुळे मीही ते मानून टाकलं.

काकांना स्वतःला वास मुळीच येत नसे. पस्तीस वर्षं ते हळदीच्या पेठेत एका अडतीवर मुकादम होते. पोती उतरवून घ्यायची, माल पाहायचा, हमालांवर ओरडायचं. त्या धुळीत नाक कधी गेलं ते त्यांना कळलंही नाही. "नाक काय एकदम जातंय का बाई? दाराआडनं पाव्हना निघून जावा तसं गेलं," असं ते म्हणत. पेठेत त्यांचं काही अडलं नाही, कारण ते माल कानानं पारखायचे. हळकुंड मोडलं की कट्टदिशी वाजलं पाहिजे. बोदा आवाज आला की माल ओला. पुढं पुढं ते माणसंही तशीच पारखायला लागले. कुणी गोलगोल बोललं की माझ्याकडे बघून हळूच म्हणत, "बोदा हाय."

नाक नसल्याचा परिणाम असा की हळदीला वास असतो हेच त्यांना मान्य नव्हतं. घरातला वास मारायला ते जिथं तिथं हळद टाकत. कपाटात हळद, कोपऱ्यात हळद, पायपुसण्याखाली हळद. माझी एक पांढरी ओढणी पहिल्या महिन्यातच पिवळी झाली. त्यात कळस म्हणजे त्यांनी मधल्या खोलीला दिलेला रंग. मी यायच्या आधीच्या वर्षी त्यांनी चुन्यात दोन किलो हळद कालवली आणि भिंतींना फासली. हळदीत चुना पडला की काय होतं हे सांगलीत शेंबड्या पोराला ठाऊक असतं, कुंकू तसंच करतात. पण जन्म हळदीत गेलेल्या या माणसाच्या ते डोक्यातच आलं नाही. सकाळी उठून पाहतात तर चारी भिंती लालभडक. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. चाचा पिंजारी, म्हणजे दरवर्षी दसऱ्यानंतर गाद्या पिंजायला येणारे त्यांचे जुने दोस्त, मला ही गोष्ट सांगताना डोळे पुसत हसत. "मी म्हनलं मुकादम, हे काय केलं? तर म्हनला, ऱ्हाऊ दे. घर सवाशीन दिसतंय."

हे सांगून झाल्यावर मात्र चाचा हसायचे थांबले. मी आले तेव्हा तो रंग फिका होऊन विटेसारखा झाला होता.

आता त्यांच्या मुख्य वेडाबद्दल. त्याला ते 'घर उबवणं' म्हणत.

पावसाळ्यात घर आंबतं, असं त्यांचं म्हणणं. चार महिने ते पाण्यात उभं असतं, त्याचे पाय गार पडतात, त्याला कुणी जवळ घेत नाही. मग आश्विन लागला की कोंबडी अंड्यावर बसते तसं माणसानं घरावर बसायचं. घाई करायची नाही, उठून फिरायचं नाही. "लोक दिवाळीला रंग देत्यात, झगमग करत्यात. थंडीनं कुडकुडनाऱ्याला कुनी पावडर लावतंय का? आदी ऊब द्या, मग नटवा."

घटस्थापनेपासून ते कामाला लागत. पाऊस सरला की दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत यायला लागतं. आधी खिडकीच्या कट्ट्यावर, मग फरशीवर एक वीत, मग हात, मग अर्ध्या खोलीपर्यंत. मी त्यांना वर्गातल्यासारखं सांगितलं की सूर्य दक्षिणेकडे सरकतो, म्हणून हे होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते पुस्तकात असंल. मला काय वाटतंय, पावसात घर आपलं रुसून बसतंय. आता त्याला बोलवल्यावर ऊन येतंय." यावर भूगोलाचं काय चालणार.

ते ऊन ते वाया जाऊ देत नसत. फरशीवर खडूनं खुणा केल्या होत्या. नऊ वाजता ऊन इथं, अकराला इथं, दोनला भिंतीपाशी. प्रत्येक जागी काहीतरी ठेवायचं. आधी उशा, मग सतरंज्या, मग डबे उघडे करून, मग जुने अल्बम, आणि शेवटी उरलेल्या तुकड्यावर स्वतः. दुपारी घमेल्यात निखारे करून कडुलिंबाचा वाळका पाला आणि मूठभर ओवा टाकत आणि ते घमेलं खोलीखोलीतून फिरवत. चाचांनी दिलेला ऊद शुक्रवारी. रोज वेगळ्या खोलीत झोपत. स्वयंपाकघरातसुद्धा एक रात्र. "मानूस निजल्याशिवाय खोली तापत न्हाई," म्हणत. आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची नाही, अंथरुणावर बसवायचं, हाही नियम. खुर्चीवर माणूस टेकतं, अंथरुणावर बसतं. पोस्टमनलासुद्धा त्यांनी गादीवर बसवून उकडलेल्या शेंगा खायला घातल्या होत्या. तो बिचारा दोनदा घड्याळ बघून तिसऱ्यांदा टोपलीत हात घालून मोकळा झाला.

कॉलेज सुटलं की मी चारच्या सुमाराला घरी यायची. गल्लीत कुणाच्या तरी गच्चीवर भुईमूग वाळत असे. दार लोटलेलं असे. आत गेलं की डोळ्यांना आधी काही दिसत नसे, नुसता धूर आणि त्यात उभी असलेली उन्हाची पट्टी. मग हळूहळू भिंतीचा विटकरी रंग दिसे, सतरंजीवर ताणून दिलेली मांजर दिसे, चुलीला टेकवून ठेवलेली बाजरीची भाकरी दिसे, आणि सगळ्यात शेवटी काका, पट्टीच्या टोकाला, डोळे मिटून. त्या घरात आवाज कमी असत. आलेल्या माणसाला आपण इथं किती वेळ आहोत ते कळेनासं होई. मी वह्यांचे गठ्ठे तपासायला म्हणून खाली बसायची आणि तासाभरानं उठायची ती एकही वही न तपासता. मला गाव सोडून चार महिने झाले होते, आईची आठवण फार यायची. त्या घरात ती कमी यायची, हे मी कबूल करते.

पण काकांची ही सगळी धडपड माझ्यासाठी नव्हती आणि पोस्टमनसाठी तर नव्हतीच. ती काकूंसाठी होती.

मोठ्या पुरात या घरात छातीपर्यंत पाणी आलं होतं. दोघं शेजारच्या गच्चीवर पाच दिवस होती. पाणी उतरल्यावर काकूंनी पदर खोचून चिखल उपसला, भांडी घासली, फरशी दहा वेळा धुतली. दिसायला घर आधीसारखं झालं. पण काकूंची झोप गेली. डोळा लागला की त्यांना तो वास यायचा, आणि वास आला की पाणी पायरी चढतंय असं वाटून त्या उठून बसायच्या. रोज. दोन महिने त्यांनी असे काढले. काका शेजारी झोपलेले असत, त्यांना वासच येत नव्हता. "ती म्हनायची, आवं उठा, वास येतोय. मी म्हनायचो, कसला वास, गप नीज. दोन म्हयनं मी असंच म्हनलो बाई," एवढंच ते मला एकदा म्हणाले.

दिवाळीनंतर मुलीच्या बाळंतपणासाठी काकू लोणंदला गेल्या. बाळंतपण झालं, बाळ रांगायला लागलं, चालायला लागलं. काकू आल्या नाहीत. भांडण नव्हतं. महिन्यातून एकदा काका लोणंदला जात, सोबत हळद नेत, जेवत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत. काकूंनी एकच सांगून ठेवलं होतं, "वास गेला की कळवा. मी येते." आणि ज्याला वास येत नाही अशा माणसावर हे काम पडलं होतं. म्हणून आणे, म्हणून मी.

पहिल्या वर्षी मी जूनमध्ये बारा आण्यांवर सुरुवात केली ती दसऱ्यापर्यंत पाच आण्यांवर आणली. रोज संध्याकाळी ते विचारत आणि मी मधल्या खोलीत फेरी मारून सांगे. कोजागरीच्या आदल्या दिवशी मी घरी आले तर त्यांनी घराचं काय करून ठेवलं होतं. प्रत्येक खोलीत पिवळा दिवा. फरशीवर धुतलेल्या सतरंज्या. उंबऱ्यावर झेंडूची फुलं. टोपलीत गरम शेंगा. स्वतः नवा सदरा घालून उभे. "बाई, खरं सांगा. गेला न्हवं?"

मी मधल्या खोलीत गेले. वास होता. पाच नसेल, चार असेल. पण मी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "गेला काका."

त्यांनी माझा आवाज पारखला नाही. पस्तीस वर्षं हळकुंडं कानानं ओळखणाऱ्या माणसाला माझा बोदा आवाज ऐकू आला नाही, कारण त्यांना तो ऐकायचा नव्हता. त्यांनी तिथल्या तिथं लोणंदला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला काकू आल्या. बुटक्या, गोऱ्या, चटचट चालणाऱ्या बाई. हातात कपड्यांची मोठी पिशवी, म्हणजे राहायच्या तयारीनं. त्यांनी झेंडू पाहिला, पिवळे दिवे पाहिले, हसल्या. "काय वो हे, लगीन हाय का कुनाचं?" आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबल्या. पाऊल उचललेलं तसंच खाली ठेवलं. बाहेरच्या पायरीवर बसून चहा घेतला, माझी चौकशी केली, आणि दुपारच्या गाडीनं परत गेल्या. पिशवी उघडलीसुद्धा नाही.

मी वर खोलीत दार लावून बसले. मला माझी इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती. अंधार पडायच्या आत खाली गेले. काका काकूंचा कप विसळत होते.

"काका, वास होता. मी खोटं बोलले."

"ते कळलं," ते म्हणाले. "का बोलला?"

"तुमच्याकडं बघून."

त्यांनी कप पालथा घातला. "माज्याकडं बगून सगळी गल्लीच बोलतीया बाई. तुमाला खोली नाकासाठी दिली."

एवढंच. खोली सोडा म्हणाले नाहीत, दुसऱ्या दिवशी आणे विचारायचेही थांबले नाहीत. त्यानंतर मी त्यांना कधी पाव आणासुद्धा इकडचा तिकडे सांगितला नाही. पण वास चार आण्यांवर येऊन बसला तो हलेना. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. भर मे महिन्यात, भिंती हात लावला तर चटका बसेल अशा तापलेल्या असताना, मधल्या खोलीत तो चार आणे तसाच. काकांनी एका कोपऱ्यातली फरशी उखडून पाहिली. खाली कोरडी माती.

पुढच्या वर्षी दसरा झाला आणि चाचा आपली तार लावलेली धनुकली खांद्यावर टाकून आले. वाड्या-वस्त्यांवर आता यंत्रावर कापूस पिंजतात, पण काकांच्या घरी चाचा हातानंच पिंजत, दोस्तीखातर. ओट्यावर पोतं अंथरून त्यांनी बैठक मारली. घरातल्या सगळ्या गाद्या मी आणि काका बाहेर आणून टाकत होतो. सगळ्या झाल्या असं वाटल्यावर मी मधल्या खोलीतल्या पेटीच्या पलंगाची फळी उचलली, आत काही राहिलंय का बघायला.

सोळा आणे. मी मागं सरले.

आत एक वळकटी होती. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वरून सुतळीनं पोत्याला मारतात तशा गाठी मारलेल्या.

"ते ऱ्हाऊ द्या," काका दारातून म्हणाले. "ते तिचं अंथरून हाय. त्यावर कुनी निजायचं न्हाई. पुरातनं मी सवता काडलं, जरा वाळवलं आन् बांदून ठिवलं. ती आल्यावर तिचं तिला पायजे का नगं?"

या माणसानं घरातली प्रत्येक उशी, प्रत्येक चिंधी, मांजराचं पोतंसुद्धा तीन वर्षं उन्हाला दाखवलं होतं. नाही दाखवली ती एवढी एकच वस्तू, कारण ती काकूंची होती. खोटं न बोलण्याचं मी ठरवलं होतं, म्हणून बोलावं लागलं. "काका, वास ह्याचाच आहे. भिंतीचा नाही."

ते पलंगाच्या कडेवर बसले. बराच वेळ त्या गाठींवरून हात फिरवत होते. मग स्वतःच वळकटी उचलून ओट्यावर चाचांपुढं ठेवली.

चाचांनी सुतळी कापली, गादी उसवली. आतून काळे गोळे निघाले, आणि बारीक वाळलेला गाळ. त्यांनी एक गोळा बोटांत कुस्करला. "मुकादम, ह्यात कापूस उरला न्हाई. नदीच हाय नुसती."

"मग टाकावं लागंल?"

"टाकावं लागंल."

काका उठून आत गेले आणि फोन लावला. मला बाहेर ऐकू येत होतं. त्यांनी वासाचं नाव काढलं नाही. "तुजी गादी चाचानं फोडली. सगळा कापूस गेलाय. नवा घालू का?" मग थोडा वेळ ऐकत राहिले. "न्हाई, अजून न्हाई घातला. बरं. बरं." बाहेर येऊन म्हणाले, "ती म्हनती, मी आल्याशिवाय कापूस घालायचा न्हाई. चाचा कमी घालतोय."

चाचांना राग आला. तीस वर्षांत आपल्यावर असा आळ आला नव्हता, असं ते दुसऱ्या दिवसापर्यंत म्हणत होते.

काकू या वेळी हातात छोटी पर्स घेऊन आल्या, म्हणजे संध्याकाळी परत जायच्या तयारीनं. आल्या त्या ओट्यावरच बसल्या. आत डोकावल्या नाहीत. "गादी लोनंदला नेनार मी," त्यांनी पहिल्यांदा सांगून टाकलं. "पोरीकडं फोम हाय. फोमवर निजून पाठ मोडली माजी. चाचा, चांगली भरा."

काकांनी हे ऐकलं. कालपासून ते उत्साहात होते, कापूस स्वतः जाऊन आणला होता. आता त्यांच्या लक्षात आलं की आपण जी गादी करून घेतोय ती काकूंना कायमची तिकडं ठेवणार आहे. एवढे दिवस काकूंचं म्हणून काहीतरी या घरात होतं, कुजकं का होईना. मला त्यांच्याकडे बघवेना. पण ते चाचांना म्हणाले, "घाल चाचा. कमरंपाशी जास्ती घाल. तिकडं तिला लागंल."

धनुकलीचा आवाज सुरू झाला. उन्हात कापूस उडत होता, काकूंच्या केसांवर, काकांच्या खांद्यावर, माझ्या वह्यांवर. काकू मध्येच म्हणत, "अजून." चाचा म्हणत, "वैनी, ही गादी हाय का कडब्याची गंजी?" काकू म्हणत, "घाला." असं दुपारपर्यंत चाललं. फुगून फुगून ती गादी गुडघ्याएवढी झाली.

खोळ बंद करून झाल्यावर चाचांनी टाक्यांची लांब सुई काढली. "टाके घालायच्या आदी एकदा आडव्या व्हा वैनी. खड्डा कुठं लागतोय सांगा. पर हितं नको, ओट्याला उतार हाय." ते कुणाला न विचारता गादी ओढत आत घेऊन गेले आणि मधल्या खोलीत पसरली, कारण तेवढीच फरशी सपाट होती.

काकू उंबऱ्यावर थांबल्या. काका माझ्या शेजारी उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. काकूंनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा गादीकडे. गादी त्यांची होती, आणि चाचांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्या आत गेल्या आणि आडव्या झाल्या.

"कमरंपाशी बरं हाय," त्या म्हणाल्या. "डोस्क्याकडं जरा..."

पुढचं वाक्य आलं नाही. चाचा सुई धरून वाट बघत राहिले. मग त्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं आणि हळूच पाय न वाजवता बाहेर आले.

काका आधी स्वयंपाकघरात गेले आणि कुकरखालचा गॅस बंद केला, शिट्टी होऊ नये म्हणून. मग गल्लीत जाऊन कर्णा लावलेल्या भाजीच्या गाडीवाल्याला परत पाठवून आले. मग मला म्हणाले, "बाई, बगून या. निजलीया का नुसती पडलीया?"

मी डोकावून आले. काकू कुशीवर वळल्या होत्या. "घोरतायत," मी सांगितलं.

काका पायरीवर बसले आणि उपरण्यात तोंड खुपसून रडले. चाचांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. गाडीची वेळ झाली, टळली, तरी आमच्यापैकी कुणी उठलं नाही.

दिवेलागणीला काकू उठल्या. केसात कापूस, गालावर खोळीच्या शिवणीचा वळ.

"किती वाजलं?"

"सा," काका म्हणाले.

"माजी गाडी गेली की. उठवायचं न्हाई व्हय?"

काकूंनी बसल्या बसल्या श्वास आत ओढला. "वास हाय अजून."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "दोन आणे आहे," मी खरं ते सांगितलं.

काकूंनी काही वेळ गादीवर दोन्ही तळवे दाबून पाहिले, उजवीकडे, डावीकडे, कमरेपाशी. "लय कापूस घातलाय चाचानं," शेवटी त्या म्हणाल्या. "ही काय गाडीत मावायची न्हाई."

पस्तीस वर्षं ट्रकात पोती रचून घेणाऱ्या काकांनी त्या गादीकडे नीट बघून घेतलं.

"न्हाई मावायची," ते म्हणाले.

त्या गाडीनं लोक खाटा नेतात, सायकली नेतात, एकदा तर एकानं अख्खं कपाट नेलेलं मी पाहिलं होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही.